पारा सावलीत, माणूस पत्र्याखाली

दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्रावर २९ मे २०२४ रोजी ५२.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. भारतातील आजवरच्या सर्वाधिक तापमानाचा उच्चांक मोडला का, याची चर्चा सुरू झाली. हवामान विभागाने यंत्राची तपासणी केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे निष्पन्न झाले. उच्चांकाची चर्चा तेथेच थांबली. मात्र ज्या चर्चेला त्या निमित्ताने तोंड फुटायला हवे होते, ती झालीच नाही. तापमापकाने दाखवलेला आकडा नेमका कशाचा असतो आणि घरात बसलेल्या माणसाच्या हालअपेष्टांशी त्याचा किती संबंध असतो, हा तो प्रश्न.

दरवर्षी मार्च उजाडला की 'पारा चाळिशीपार'चे मथळे झळकू लागतात. प्रशासनाच्या सूचना, शाळांच्या वेळा, रुग्णालयांतील उष्माघात कक्ष हे सारे या पाऱ्यावर हलते. पण एकाच शहरात, एकाच दुपारी, एकाच पाऱ्याखाली राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या वाट्याला येणारी उष्णता सारखी नसते. तिचे वाटप डोक्यावरचे छप्पर कशाचे आहे, भिंतीत काय भरले आहे आणि रात्री वारा कोठून येतो, यावर ठरते. उन्हाळ्याचे संकट समजून घ्यायचे असेल, तर हवामानशास्त्राइतकेच शालेय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील 'उष्णता' या धड्याकडेही वळावे लागते.

आकडा कशाचा?

हवामान केंद्रातील तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, मोकळ्या जागी ठेवलेला असतो. त्यावर ऊन पडू नये आणि वारा मात्र खेळता राहावा, अशी ही रचना असते. शास्त्रीयदृष्ट्या ती अत्यंत योग्य आहे, कारण जगभरातील नोंदींची तुलना त्यामुळेच शक्य होते. परंतु या पेटीतला पारा सावलीतील हवेचे तापमान सांगतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे, डांबरी रस्त्याचे किंवा पत्र्याच्या खोलीचे तापमान तो सांगत नाही आणि सांगावे अशी अपेक्षाही नाही.

खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा हा फरक महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात एप्रिलमध्ये ३८ अंशांची बातमीही होत नाही. पण उघड्या मैदानावर, तासन् तास, डोक्यावर थेट ऊन आणि अंगाभोवती किनारपट्टीची दमट हवा असताना शरीरावर जो भार पडतो, तो ३८ या आकड्यात मावत नाही.

उष्णता आणि तापमान

उष्णता आणि तापमान हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात त्यांत मूलभूत फरक आहे. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर उडते. तिचे तापमान हजार अंशांच्या वर असते, तरी क्षणभर चटका देऊन ती विझते. उलट ६० अंशांच्या पाण्याची बादली अंगावर सांडली, तर रुग्णालय गाठावे लागते. ठिणगीचे तापमान अधिक, पण तिच्यात साठलेली उष्णता नगण्य; पाण्याचे तापमान कमी, पण त्यातील उष्णता प्रचंड. तापमान ही पातळी आहे आणि उष्णता हा साठा. दोन पदार्थ एकमेकांच्या संपर्कात आले, की उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते आणि दोन्ही समान होईपर्यंत वाहत राहते.

कोणत्या पदार्थाचे तापमान किती वाढेल, हे तीन गोष्टींवर ठरते : त्याला मिळालेली उष्णता, त्याचे वस्तुमान आणि त्याची विशिष्ट उष्मा. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो काँक्रीटला ०.८८, तर एक किलो लोखंडाला जेमतेम ०.४५ किलोज्यूल पुरते. समुद्र तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो, तो यामुळेच. म्हणूनच मे महिन्यात नागपुरात दिवसाचा पारा सरासरी ४२ अंशांच्या वर जात असताना मुंबईत तो ३३ अंशांच्या आसपास राहतो.

उष्णतेच्या प्रवासाचे मार्गही तीनच. वहन, म्हणजे घन पदार्थातून कणाकणाने पुढे सरकणे. अभिसरण, म्हणजे हवा किंवा पाणी यांच्या हालचालीबरोबर वाहून जाणे. आणि प्रारण, म्हणजे मध्ये कोणतेही माध्यम नसताना लहरींच्या रूपाने पोहोचणे. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती प्रारणाने. आपल्या घरांत ती शिरते, साठते आणि आपल्याला छळते, ती मात्र तिन्ही मार्गांनी.

पत्र्याचे घर, स्लॅबचे घर

दहा फूट बाय दहा फुटांची एक खोली डोळ्यांसमोर आणा. महानगरांतील लक्षावधी कुटुंबांचे पूर्ण घर एवढेच असते. भर दुपारी निरभ्र आकाशातून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट एवढी सौर ऊर्जा पडते. या खोलीच्या छताचे क्षेत्रफळ नऊ चौरस मीटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे एक हजार वॉटचे नऊ हीटर छतावर लावून ठेवल्यासारखी ही स्थिती आहे. त्यातले किती परत आकाशात जाते आणि किती आत उतरते, हे छत ठरवते.

छत अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे असेल, तर त्याचे वजन साधारण ३७ किलो भरते. एवढ्या पत्र्याचे तापमान एका अंशाने वाढायला १६ ते १७ किलोज्यूल उष्णता पुरते. त्यामुळे ऊन चढताच काही मिनिटांत पत्रा हात लावू नये इतका तापतो आणि दुपारी साठ अंशांवर सहज जातो. पत्रा पातळ असल्याने वहनाला अडथळा नाही. वरची उष्णता लगेच खालच्या पृष्ठभागावर येते आणि तेथून प्रारणाने खोलीतल्या माणसांवर बरसते. प्रारणाचा नियम असा, की ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. पृष्ठभाग २७ अंशांवरून ६० अंशांवर गेला, की त्याचे प्रारण दीडपट होते. पत्र्याखाली बसलेल्या बाईला 'डोक्यात आग पडल्यासारखी' वाटते, ती केवळ बोलण्याची पद्धत नाही. खोलीतील हवेचे तापमान बाहेरच्याइतकेच असले, तरी तिच्या डोक्यावर प्रत्यक्षात एक शेगडी पेटलेली असते. याच वेळी त्याच खोलीत स्टोव्ह किंवा गॅसही चालू असतो आणि शिलाई, पापड, खोके जोडणे अशी घरबसल्या कामेही याच पत्र्याखाली चाललेली असतात.

याच खोलीवर पाच इंची काँक्रीटचा स्लॅब असेल, तर गणित पालटते. स्लॅबचे वजन २,८०० किलोंच्या आसपास भरते. त्याला एका अंशाने तापवायला सुमारे २,५०० किलोज्यूल, म्हणजे पत्र्याच्या दीडशे पट उष्णता लागते. दुपारी स्लॅबखाली बसणे पत्र्याखालच्यापेक्षा सुसह्य असते, ते यामुळेच. परंतु ही उष्णता नाहीशी होत नाही. ती जमा होत असते. दिवसभरात स्लॅब सरासरी १५ अंशांनी तापला, तर त्यात सुमारे साडेदहा युनिट विजेइतकी ऊर्जा साठते. एक हजार वॉटचा हीटर दहा तास चालवल्यावर विजेच्या मीटरवर जेवढे युनिट पडतील, तेवढी ही ठेव असते. काँक्रीटमधून उष्णतेची लाट खालच्या बाजूस पोहोचायला तीन ते चार तास लागतात. त्यामुळे बाहेर पारा उतरू लागतो, तेव्हा आतले छत सर्वाधिक तापलेले असते आणि जमा झालेली ठेव संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत खोलीत परत येत राहते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री एक वाजता भिंतीला हात लावला, की हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

पत्रा दिवसा छळतो आणि स्लॅब रात्री. 'पक्के घर' म्हणजे सुरक्षित घर, हे समीकरण पाऊस आणि चोर यांच्या बाबतीत खरे आहे. उन्हाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे.

छताच्या या करामतीचा परिणाम किती गंभीर असू शकतो, हे अहमदाबादमध्ये दिसले. मे २०१० मध्ये त्या शहराचा पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनी नंतर केलेल्या हिशेबानुसार त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात अर्भकांचा त्रास वाढल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, छताच्या थेट खाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यानंतर उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात न्यावे लागणाऱ्या अर्भकांचे प्रमाण घटले. शहर तेच होते, उन्हाळाही तसाच कडक. बदलला होता तो बाळाच्या पाळण्यापासून तापलेल्या स्लॅबपर्यंतचा मार्ग.

माळवदाचा धडा

हे सारे आपल्या पूर्वजांना माहीत नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. मराठवाडा, सोलापूर, खानदेश या भागांतील जुनी धाब्याची घरे आठवून पाहावीत. लाकडी तुळया-किलचनांवर फूट-दीड फूट मातीचा थर आणि खाली तितक्याच जाड भिंती. मातीतून उष्णता हळू सरकते. एवढा थर ओलांडायला तिला दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि तोवर तिची तीव्रताही क्षीण झालेली असते. दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत पहाट होते. रात्री घरातील माणसे त्याच माळवदावर अंथरूण टाकून मोकळ्या आकाशाखाली झोपत. निरभ्र रात्री पृथ्वीचा पृष्ठभाग आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडतो, त्याचा लाभ त्यांना मिळे.

कोकणाने वेगळी वाट धरली. तेथे रात्र आणि दिवस यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे जाड छताचा उपयोग मर्यादित. म्हणून उतरते कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून निसटणारी गरम हवा, मधला माळा आणि चहूबाजूंनी वारा. विदर्भाने कोरड्या हवेचा फायदा घेतला आणि खिडक्यांना वाळ्याचे ताटे बांधून त्यांवर पाणी शिंपडले. आजचा कूलर हे त्याच युक्तीचे यंत्ररूप आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते, ते याच देवघेवीमुळे. हाच कूलर मुंबईत आणला तर कुचकामी ठरतो, कारण दमट हवा आणखी वाफ सामावून घेत नाही.

म्हणजे एकाच राज्यात तीन हवामाने होती आणि त्यांना तीन वेगवेगळी उत्तरे होती. गेल्या काही दशकांत लातूरपासून लांज्यापर्यंत आणि वर्ध्यापासून वसईपर्यंत या सर्वांची जागा एकाच उत्तराने घेतली : पातळ भिंती, उघडा स्लॅब किंवा पत्रा. यात गावकऱ्यांचा दोष नाही. माळवदाला दरवर्षीची निगा लागते, पावसात ते गळते, लाकूड महागले आणि भूकंपात जड मातीची छपरे जीवघेणी ठरतात, हे किल्लारीने १९९३ मध्ये दाखवून दिले. जुन्याकडे परत जा, असे सांगणे सोपे आणि निरर्थक आहे. पण जुने टाकताना त्यातले उष्णता अडवण्याचे तत्त्वही टाकून दिले गेले आणि नव्या बांधकामात त्याची भरपाई कोणीच केली नाही, ही खरी उणीव आहे.

शरीराचा हिशेब

माणसाचे शरीर हेसुद्धा उष्णता निर्माण करणारे यंत्र आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता तयार करतो. ओझे वाहणारा हमाल किंवा बांधकामावरचा मजूर याच्या कित्येक पट. ही उष्णता सतत बाहेर टाकली गेली नाही, तर शरीराचे ३७ अंशांचे संतुलन बिघडते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल, तोवर अभिसरण आणि प्रारण यांमुळे शरीर निवते. हवा ३५ अंशांच्या वर गेली, की प्रवाह उलटतो. आता हवाच शरीराला उष्णता देऊ लागते. अशा वेळी घाम हा एकच मार्ग उरतो. नुसते स्वस्थ बसलेल्या माणसालाही स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यासाठी तासाला सुमारे १५० मिलिलिटर घामाची वाफ करावी लागते. बाहेरून येणारी उष्णता आणि कष्ट यांचा हिशेब धरला, तर हा आकडा झपाट्याने वाढतो.

घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. हवा दमट असली, की तो अंगावरून ओघळून जातो आणि शरीरातील पाणी खर्च होऊनही उष्णता आतच राहते. म्हणून शास्त्रज्ञ ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाची नोंद महत्त्वाची मानतात. ही नोंद ३५ अंशांवर गेली, तर निरोगी माणूसही सावलीत फार काळ तग धरू शकणार नाही, अशी सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. अमेरिकेत तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेतील ही मर्यादा प्रत्यक्षात ३१ अंशांच्या आसपासच असल्याचे आढळले. वृद्ध, हृदयरोगी आणि तान्ही बाळे यांची सहनशक्ती याहून कमी असणार, हे उघड आहे.

पंख्याविषयीचा आपला समजही येथे तपासायला हवा. पंखा हवा थंड करीत नाही, तो फक्त ती हलवतो. हवा त्वचेपेक्षा थंड असेल किंवा घाम वाळत असेल, तरच त्याचा उपयोग. ४० अंशांच्या वर पंखा शरीराला तापवतो, त्यामुळे तो वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी फिरणारा पंखा भट्टीच्या भात्याचे काम करतो, असे कामगार वस्त्यांतील माणसे म्हणतात, त्यात तथ्य आहे.

रात्रीची नोंद कोण घेणार?

दिवसभर साचलेला ताण शरीर रात्री उतरवते. म्हणून रात्रीचे तापमान हा चैनीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. दिल्लीत १९ जून २०२४ रोजी किमान तापमान ३५.२ अंश नोंदवले गेले. म्हणजे चोवीस तासांतल्या सर्वांत गार क्षणीही हवा त्वचेइतकीच तप्त होती. काँक्रीट, डांबर आणि विटा यांनी दिवसभर साठवलेली ठेव रात्री परत मिळत असताना शहराबाहेरचे उघडे रान मात्र तुलनेने लवकर निवते. झाडे आणि ओली माती असती, तर दिवसाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती. फरसबंदीला ती सोय नाही; तिच्यावर पडलेली उष्णता तिचे तापमानच वाढवते.

असे असूनही आपली इशाऱ्याची व्यवस्था दिवसाकेंद्री आहे. हवामान विभागाच्या प्रचलित निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश गाठल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. त्यानंतर सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ पाहिली जाते. 'उष्ण रात्र' हाही निकष आहे. मात्र त्याचा विचार दिवसाचे कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असेल तेव्हाच केला जातो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी येथे पारा ४० अंशांवर क्वचितच जातो. सांताक्रूझ येथे मे महिन्यात सरासरी किमान तापमान २७ अंशांच्या आसपास असते आणि दिवस-रात्रीतला फरक जेमतेम सहा अंशांचा. नागपुरात हाच फरक चौदा अंशांच्या घरात असतो. किनारपट्टीवरच्या स्लॅबला निवायला ना तेवढी गार हवा मिळते, ना तेवढा वेळ. तरीही रात्रभर तळमळलेल्या मुंबईकराची ती रात्र सरकारी व्याख्येत 'उष्ण' ठरणे जवळपास अशक्य असते.

निकष ठरवणाऱ्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. हवामान विभाग अलीकडच्या काळात उष्ण व दमट हवेचे वेगळे इशारेही देऊ लागला आहे. मात्र महापालिका, कामगार खाते आणि रुग्णालये यांची यंत्रणा अजूनही कमाल पाऱ्याच्या घोषणेकडेच डोळे लावून बसते, हे नाकारता येत नाही.

वातानुकूलनाची पळवाट

ज्यांना परवडते त्यांनी आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून ते बाहेर टाकते. विजेचे एक युनिट खर्च करून यंत्राने खोलीतून तीन युनिट उष्णता काढली, तर बाहेर चार युनिट टाकली जाते, कारण खर्च झालेली वीजही शेवटी उष्णताच होते. हजार खोल्या थंड होतात, तेव्हा त्यांच्यामधल्या गल्लीच्या वाट्याला चौपट भार येतो. गल्लीत राहणाऱ्याकडे यंत्र नसते. शिवाय स्लॅब उघडाच असेल, तर यंत्राची निम्मी मेहनत हवा थंड ठेवण्यात कमी आणि छतातून झिरपणारी उष्णता उपसण्यातच अधिक जाते. केंद्राने जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक केले, ते वीज वाचवण्यासाठी योग्यच आहे. परंतु गळक्या घागरीत पाणी भरत राहण्यापेक्षा आधी छिद्र बुजवणे शहाणपणाचे नव्हे काय?

चुना, नियम आणि पैसा

छिद्र बुजवण्याचे उपाय अवघड नाहीत. साधे काँक्रीट आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा एक-तृतीयांश भागही क्वचितच परतवते. पांढरा, परावर्तक लेप दिलेले स्वच्छ छत सत्तर टक्क्यांपर्यंत परतवू शकते. अशा छतामुळे घरातील तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते, असा देशातील प्रयोगांचा अनुभव आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील तो पहिलाच. पुढे २०१७ मध्ये तेथे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही हाती घेण्यात आला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. तामिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्य आपत्ती घोषित करून मृतांच्या वारसांना चार लाख रुपयांच्या मदतीची तरतूद केली. महाराष्ट्रातही नागपूरसारख्या शहरांनी आराखडे केले आणि मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. दिशा कळली नाही, असे म्हणता येणार नाही.

मात्र चुन्याचा ब्रश हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. पांढऱ्या छतावर धूळ बसते, पावसाळ्यात शेवाळ चढते आणि एक-दोन वर्षांत त्याचे तेज निम्मे होते. त्यामुळे एकदा छायाचित्र काढून विसरण्याचा हा कार्यक्रम नाही. दरवर्षी फेब्रुवारीत त्याची उजळणी व्हायला हवी. दुसरे, परावर्तनाच्या जोडीला उष्णतारोधक थर लागतो. वायू बंदिस्त असलेले कोणतेही सच्छिद्र साहित्य उष्णता अडवते, कारण स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून टाकलेले साधे आढेही थेट प्रारण अडवते.

तिसरा आणि कळीचा मुद्दा नियमांचा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा त्यात घातली आहे. उघड्या पाच इंची स्लॅबमधून याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता जाते. नुसत्या पत्र्यातून चौपट. म्हणजे देशाला काय हवे, हे कागदावर नोंदवलेले आहे. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे आणि तिची अंमलबजावणी राज्ये व स्थानिक संस्था यांच्या इच्छेवर सोपवलेली आहे. चाळ, झोपडी, गावठाणातले घर तिच्या कक्षेत येतच नाही. सर्वाधिक तापणाऱ्या छपरांना नियमांनी वगळले, हा विरोधाभास आहे.

सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक सवलतींवर बांधली जाणारी घरे तरी या मर्यादेत बसावीत, अशी अट घालणे राज्याला अशक्य नाही. घरकुल योजनेतील घराचा हप्ता देताना पाया, भिंत, स्लॅब यांची तपासणी होते. त्यातच छताच्या उष्णतारोधाची एक ओळ वाढवता येईल. पुनर्वसनाच्या इमारतींत वरच्या मजल्याचे घर ज्याच्या नावावर सोडतीत निघते, त्याच्या नशिबी खालच्यांपेक्षा कितीतरी अधिक उष्णता येते. त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबवर रोधक थर देण्याचा खर्च संपूर्ण इमारतीच्या तुलनेत किरकोळ असतो. शाळा, अंगणवाड्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांची छपरे तर सरकारची स्वतःचीच आहेत. त्यांच्यासाठी कोणाच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

इशाऱ्यांच्या पद्धतीतही बदल हवा. कमाल पाऱ्याबरोबर रात्रीचा पारा आणि आर्द्रता यांचा विचार करून किनारपट्टीसाठी वेगळा उंबरठा ठरवला पाहिजे. प्रत्येक मोठ्या शहराने निवडक पत्र्याच्या आणि वरच्या मजल्यांवरच्या घरांत साधे तापमापक लावून नोंदी ठेवल्या, तर आराखडे अंदाजावर नव्हे, वस्तुस्थितीवर आधारता येतील. यासाठी उपग्रह लागत नाहीत, चिकाटी लागते.

जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत ते सर्वाधिक उष्ण होते. पृथ्वीच्या वातावरणाची ही वाढ रोखणे एका महापालिकेच्या वा एका राज्याच्या हाती नाही. मात्र तापलेल्या आकाशापासून झोपलेल्या माणसापर्यंत उष्णतेला जो शेवटचा दहा-बारा फुटांचा प्रवास करावा लागतो, तो पूर्णपणे आपल्या हाती आहे. हवामान केंद्रातल्या तापमापकाला पांढरी पेटी, झडपा आणि खेळता वारा मिळावा, याची काळजी शास्त्राने दीडशे वर्षांपूर्वीच घेतली. निदान तेवढी सोय त्या पाऱ्याखाली राहणाऱ्या माणसाला मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.